नांदेडचं पोट, लातूरचं पोट

औषधाच्या दुकानात तीस वर्षं उभी राहिलेली बाई लिहायला बसली की डॉक्टरांच्या अक्षराची टिंगल करणार, असं संपादकांनी गृहीत धरलेलं दिसतं. फोनवर त्यांनी तसं सुचवलंही. मी ते करणार नाही. त्या अक्षरावर माझ्या घरची चूल पेटली, आणि ते वाचता येतं म्हणूनच तर गल्लीत मला मान होता. मला लिहायचंय सुजेच्या गोळीबद्दल, माझ्या एका वहीबद्दल आणि त्या वहीपायी मी आणि माझा सख्खा भाऊ बावीस वर्षं ज्यावरून भांडलो त्याबद्दल. भांडण दोन शहरांच्या पोटांचं होतं.

आधी ओळख करून देते. माझं दुकान नांदेडच्या जुन्या वस्तीत, बाजाराच्या तोंडाशी. सासऱ्यांनी सुरू केलेलं, ते थकल्यावर मी बसू लागले. फार्मसीचा डिप्लोमा माझ्याकडे होता आणि शाळेतली नोकरी आमच्या ह्यांच्याकडे, त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. काउंटरमागे बाई, त्यातून मुसलमान घरची, हे तेव्हा लोकांना नवं होतं. पुरुष गिऱ्हाइकं पहिले सहा महिने माझ्याशी बोलताना छताच्या पंख्याकडे बघायची. बायका मात्र पहिल्याच आठवड्यात यायला लागल्या. डॉक्टरला जे सांगता येत नाही ते त्या मला सांगत, आणि त्यातलं बहुतेक पोटाचंच असे. हळूहळू मी सगळ्यांची नसीमआपा झाले, पंख्याकडे बघणाऱ्यांचीसुद्धा.

माझा धाकटा भाऊ रशीद लातूरला असतो. त्याचंही औषधाचंच दुकान. स्वभावाने तो आमच्या अब्बांवर गेलाय, म्हणजे चार शब्दांच्या जागी दोन वापरतो आणि ते दोन्ही कडक असतात. त्याची मुलगी सना तिथल्याच एका फार्मसी कॉलेजात पुढचं शिक्षण घेते. मी दुकान सोडताना माझी वही तिला द्यायचं ठरवलं होतं, आणि तिने आपल्या प्रबंधाचा विषयच त्या वहीवर बेतला होता. वही खोटी निघाली तर तिचं वर्ष जाणार होतं आणि माझी बावीस वर्षं.

आता सुजेची गोळी म्हणजे काय ते सांगते. दाढ काढली, पाय मुरगळला, कुठे टाके पडले, की डॉक्टर दुखण्याच्या गोळीबरोबर पुष्कळदा आणखी एक गोळी लिहितात. तिला आपल्याकडे सगळे सुजेची गोळी म्हणतात. तिच्यात प्रथिनं तोडणारं पाचक असतं, आपल्या पोटात जेवण पचवायला असतं त्याच जातीचं. कल्पना अशी की ते रक्तात जाऊन सुजेच्या जागचा गाळ साफ करतं. खरोखर किती करतं यावर जाणत्यांचं एकमत नाही. पाच-सहा दिवसांत सूज तशीही उतरते आणि मान गोळीला मिळतो, हे माझं खासगी मत मी काउंटरवर कधी बोलून दाखवलं नाही. पण ज्या औषधाच्या फायद्याची खात्री नाही, त्याचा त्रास तरी माणसाला होऊ नये, असं मला पहिल्यापासून वाटे. म्हणून माझा प्रश्न ठरलेला असे: गोळी मानवली का?

ही पाचकं मुख्यतः चार जागांहून येतात. एक रेशमाच्या किड्याच्या पोटात सापडलेल्या जंतूपासून, एक जनावराच्या स्वादुपिंडातून, एक अननसाच्या देठातून आणि एक कच्च्या पपईच्या चिकातून. त्यांची खरी नावं तोंडात मावत नाहीत, म्हणून दुकानात मी त्यांना रेशीम, जनावर, अननस आणि पपई म्हणायचे. इथेही तसंच म्हणते. कंपन्यांची नावं लिहिली तर संपादकांना नोटीस यायची.

या चार नावांनी माझ्या काउंटरवर पुष्कळ करमणूक केली. उदगीरचे एक धान्याचे व्यापारी नांदेडला लेकीकडे आले असताना त्यांची दाढ काढावी लागली. पक्के शाकाहारी. गोळी कशापासून बनते हे कळल्याशिवाय ते पाकीट हातात घेईनात. जनावर म्हटल्यावर हात मागे घेतला. रेशीम म्हटल्यावर विचारात पडले. किड्याच्या पोटातला जंतू किड्यात धरायचा की वेगळा धरायचा, हा त्यांचा सवाल होता. मी सांगितलं की आता किड्याचा काही संबंध उरलेला नाही, तो जंतू कारखान्यात टाकीत वाढवतात, घरी दही विरजतो तसंच काहीसं. दह्याचं नाव ऐकून त्यांचं समाधान झालं. ते जातात न जातात तोच आमच्या मोहल्ल्यातले एक हाजीसाहेब पुढे झाले आणि जनावर म्हणजे नेमकं कुठलं जनावर, असं हळूच विचारू लागले. मी कंपनीला पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत हाजीसाहेबांची सूज उतरून गेली होती.

पपईची गोळी सासवांनी गाजवली. सुनेला दिवस जाण्याची वाट बघणारी एक बाई पपई हे नाव ऐकताच पाकीट काउंटरवर ठेवून तीन पावलं मागे सरकली. ती हिंदू होती की मुसलमान हे सांगण्यात अर्थ नाही. पपईच्या बाबतीत सगळ्या सासवांचा धर्म एकच असतो.

दोन गोष्टी मात्र मी कधी हसण्यावारी नेल्या नाहीत. अननस किंवा पपई खाल्ली की ज्याच्या तोंडाला खाज सुटते किंवा ओठ सुजतात, त्याला त्या फळाची गोळी मी दिली नाही. आणि रक्त पातळ करायचं औषध ज्याला चालू आहे, त्याला सुजेची कुठलीच गोळी डॉक्टरांना पुन्हा विचारल्याशिवाय दिली नाही. हृदयाची झडप बदललेले एक निवृत्त गुरुजी दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले होते. हृदयाच्या गोळ्या दुसरीकडून घेत, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. दाताचा आणि हृदयाचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना परत पाठवलं, ते माझ्यावर चिडले, आणि अर्ध्या तासाने ती ओळ खोडलेली चिठ्ठी घेऊन आले. गुरुजी अजून रोज सकाळी नदीकाठी फिरायला जातात. दिसले की मला बरं वाटतं.

तर वही. कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानात येत आणि प्रत्येकजण सांगे की आमचीच गोळी पोटाला सगळ्यात सौम्य. चौघांनी चार तऱ्हेने तेच सांगितल्यावर मी ठरवलं की आपणच आपल्या गिऱ्हाइकांना विचारायचं. एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही घेतली. जो कोणी सुजेची गोळी नेऊन पुन्हा दुकानात येई, त्याला मी विचारी आणि लिहून ठेवी. नाव, गाव, गोळी कुठली, किती दिवस, काय झालं. लोकांचे शब्द जसेच्या तसे. ‘पोटात भट्टी पेटली.’ ‘तोंडाला चव न्हाई.’ ‘दिवसभर ढेकरा.’ आणि ज्याला काहीच झालं नाही त्याचं ‘काहीच न्हाई’ हेसुद्धा. त्रास तेवढा लिहायचा आणि सुख सोडून द्यायचं, असं मी केलं नाही, याचा मला फार अभिमान होता. आणखीही कशाकशाचा होता, ते पुढे येईल.

वर्षभरातच वहीने कौल दिला. नांदेडच्या पोटाला रेशीम मानवत नाही. जळजळ, ढेकरा, भूक मरणं, सगळं रेशमाच्या नावावर. जनावर आणि पपई मधे कुठेतरी, आणि अननस सगळ्यात सोसवणारं. मी हे आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. दोघांनी माझ्या शब्दावर रेशीम लिहायचं सोडून अननस लिहायला सुरुवात केली. डिप्लोमावाल्या बाईचं डॉक्टर ऐकतात म्हटल्यावर मी घरी शिरखुर्मा केला. ईद नव्हती तरी केला.

त्यानंतरच्या ईदला रशीद आला तेव्हा मी त्याला वही दाखवली. त्याने चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाला, साफ चूक. लातूरला रेशीम सगळ्यात चांगली चालते, एकाचीही तक्रार नाही. मी म्हटलं, लिहून ठेवलंयस का? तो गेला आणि त्यानेही वही सुरू केली, निव्वळ मला खोटं पाडायला. पुढच्या ईदला घेऊन आला. त्याच्या वहीत रेशमापुढे ओळीने ‘त्रास नाही, त्रास नाही’. दोन्ही दुकानांत कंपनी तीच, गोळी तीच, पाकिटावरचा बॅच नंबरही कधी कधी तोच. मग फरक कुठून आला?

फरक पाण्याचा, यावर मात्र आम्हा दोघांचं एकमत झालं. भांडण उरलं ते कुणाचं पाणी खराब एवढंच. रशीद म्हणे, तुमचं गोदावरीचं पाणी जड, त्यात गोळी नीट विरघळत नाही. मी म्हणे, लातूरकरांना पाणी मिळतं हीच एवढी मोठी गोष्ट की त्यांचं पोट तक्रार करायला धजत नाही. आमची अम्मी, अल्ला तिला जन्नत देवो, मधे पडून म्हणायची की दोघंही गप्प जेवा. पण हळूहळू ही गोष्ट घराबाहेर पसरली. कंपनीचे प्रतिनिधी नांदेडला रेशमाचं नाव काढेनात आणि लातूरला अननसाचं. डॉक्टर एकमेकांना सांगू लागले. नांदेडचं पोट वेगळं आणि लातूरचं वेगळं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य होऊन बसलं, आणि त्याच्या मुळाशी आम्ही दोघं भावंडं होतो.

सना या भांडणातच मोठी झाली. पुढचं शिक्षण घेताना प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने हाच घेतला: दोन शहरांचं पाणी आणि सुजेच्या गोळ्या किती मानवतात यातला संबंध. तिच्या मार्गदर्शक मॅडमना विषय आवडला. बावीस वर्षांच्या दोन वह्या कुठल्या विद्यार्थ्याला आयत्या मिळतात? सनाने दोन्ही शहरांच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला घेतलं. मी दुकान सोडायला दोन महिने राहिले होते. वहीला नवीन कव्हर घालून, वर सनाचं नाव घालून ठेवलं.

आणि मग मारोती आला.

मारोती कंधारचा, एसटीत कंडक्टर. त्याची गाडी नांदेड-लातूर. चालत्या गाडीतून अर्धी उडी मारायच्या सवयीने त्याचा उजवा घोटा दर वर्षी एकदा मुरगळतो, त्यामुळे तो माझं जुनं गिऱ्हाईक. या वेळी कंधारच्या डॉक्टरांनी त्याला दहा दिवस रेशीम लिहिलं होतं. दुखण्याची गोळी त्याने नको म्हटली, दुखणं आपण सोसतो असं त्याचं म्हणणं. पाच दिवसांची गोळी त्याने माझ्याकडून नेली. उरलेली पाच दिवसांची लातूरला गाडी थांबली तेव्हा रशीदकडून घेतली. त्यानंतर एक दिवस तो आला आणि म्हणाला की तुमच्या गोळीने त्रास झाला, रशीदभाईच्या नाही झाला.

मला इतका आनंद झाला की त्याच्या घोट्याची चौकशी करायची राहून गेली. एक माणूस, एक पोट, एक घोटा, एकच गोळी, आणि दोन शहरं! असा पुरावा मागूनही मिळाला नसता. मी सनाला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी मारोतीच्याच गाडीने नांदेडला आली. दुपारी गाडी परत सुटायला वेळ होता तेव्हा दोघं दुकानात आली. मी मारोतीला स्टुलावर बसवलं, सनाने वही उघडून पेन सरसावलं.

“काका, नांदेडला होता तेव्हा गोळी कुठल्या पाण्याबरोबर घेत होता? नळाचं, की स्टँडवरचं?”

मारोतीने खांद्यावरची पाण्याची बाटली काढून काउंटरवर ठेवली. “मी बाहेरचं पाणी पितच न्हाई, ताई. लई वर्सं झाली. घरून भरून आणतो, कंधारच्या आमच्या हिरीचं. इथंबी हेच, लातूरलाबी हेच.”

सनाने पेनाचं टोपण लावलं. मी उगाच कपाटातल्या बाटल्या सरळ करू लागले. थोड्या वेळाने सनाने विचारलं की गोळ्यांची पाकिटं आहेत का. कंडक्टर माणूस कागद फेकत नाही. मारोतीने कातडी पिशवीच्या मागच्या कप्प्यातून दोन्ही कागदी पाकिटं काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. माझ्या पाकिटावर निळ्या शाईत शिक्का होता: जेवणानंतर. रशीदच्या पाकिटावर त्याच्या करकरीत अक्षरात एक शब्द होता: उपाशीपोटी.

शिक्क्याची हकिगत सांगायला हवी. दुकानात बसायला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाईने दुखण्याच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी घेतल्या आणि तिला उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. बरी झाली, पण माझी झोप उडाली. तेव्हा मी ‘जेवणानंतर’ असा रबरी शिक्का करून घेतला आणि दुखण्याची गोळी असलेल्या पाकिटावर मारू लागले. दुखण्याची आणि सुजेची गोळी बहुतेकदा एकाच पाकिटात जायची. पुढे गर्दी वाढली आणि हाताला सवय लागली. शाईच्या गादीवर टेकवायचा आणि समोर येईल त्या पाकिटावर मारायचा. मारोतीच्या पाकिटात दुखण्याची गोळी नव्हती, तरी मारलाच. लोकांची काळजी म्हणून केलेली गोष्ट होती ती.

रेशमाच्या गोळीला वरून एक अस्तर असतं, हे मी शिकले होते. पोटातल्या आम्लात ती फुटू नये, पुढे आतड्यात जाऊन फुटावी, यासाठी ते असतं. म्हणून ती जेवणाच्या आधी, रिकाम्या पोटी घ्यायची, म्हणजे झटकन पुढे सरकते. भरल्या पोटी घेतली तर जेवणात अडकून तासन्‌तास तिथेच पडून राहू शकते आणि पोटातच फुटून जळजळ करू शकते. सनाने हे समजावून सांगायला सुरुवात केली आणि मी तिला थांबवलं. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. फक्त इतकी वर्षं माझा हात दुसरंच सांगत होता. अननसाचं तसं अडत नसावं, म्हणून ते माझ्या वहीत गुणी ठरलं असेल.

मारोतीची गाडी सुटायची वेळ झाली. मी त्याला म्हटलं की चूक गोळीची नव्हती, माझी होती. त्याने बाटली खांद्याला अडकवली आणि विचारलं, “मंग पुढच्या टायमाला तुमच्याकडची घेऊ, की रशीदभाईकडची?” मी म्हटलं, कुठलीही घे, पण आधी डॉक्टरांना विचार आणि जेवायच्या आधी घे. तो ‘हाव’ म्हणत मान हलवून गेला.

त्या दिवशी मी वहीचं एकेक पान उलटून बघितलं. भट्टी पेटली, ढेकरा, भट्टी, तोंडाला चव न्हाई. ही सगळी माणसं माझ्यासमोर उभी राहिली होती, मी मान हलवून मनापासून लिहून घेतलं होतं आणि पुढच्या पाकिटावर पुन्हा तोच शिक्का मारला होता. मला रडू आलं, ते इथे लपवत नाही. कव्हरावरचं सनाचं नाव बघून जास्तच आलं.

रशीदला फोन करणं भाग होतं. त्याने ऐकून घेतलं आणि त्याचे दोन शब्द वापरले: “सांगितलं होतं.” त्याने असलं काही कधीच सांगितलं नव्हतं. तो पाण्याबद्दल बोलत होता. पण जिंकणारा माणूस असल्या तपशिलात शिरत नाही.

त्याचं जिंकणं आठवडाभर टिकलं. सनाला वाटलं की निदान आपल्या अब्बांची वही तरी कामाला येईल, म्हणून ती तीन दिवस लातूरच्या दुकानात बसली, नोंदी कशा होतात ते बघायला. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला तेव्हा हसू आवरत नव्हतं. सुजेची गोळी नेलेली औशाकडची एक म्हातारी पुन्हा आली होती. रशीदने चष्म्यावरून बघत तिला विचारलं, “त्रास झाला?” हे दोन शब्द तो पोलीस ठाण्यात विचारतात तसे विचारतो. म्हातारी म्हणाली, न्हाई बाप्पा, काहीच न्हाई. रशीदने लिहिलं, त्रास नाही. म्हातारी पायरी उतरली आणि सनाचा हात धरून म्हणाली की माय, चार दिवसांपासून पोटात नुसता जाळ होऊन राहिलाय, पण तुज्या बापाला कोण सांगावं?

सना तिला दुकानात परत घेऊन आली, रशीदने मुकाट्याने तिला डॉक्टरांकडे पाठवलं, आणि त्या संध्याकाळी त्याची वही बंद झाली. मला त्याने फोन केला. मी दोन शब्द तयार ठेवले होते, पण त्याचा आवाज ऐकून वापरले नाहीत. तो म्हणाला की आपा, मी तर प्रेमानेच विचारतो. मी म्हटलं, मला माहीत आहे रे.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तरी बरं होतं. पण मला आता स्वस्थ बसवेना. दुकानात जी जुनी गिऱ्हाइकं येत, त्यांना मी थांबवून सांगू लागले की शिक्क्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला माफ करा. बरेचजण हसून सोडून देत. मग आमच्याकडे दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या यमुनाबाई आल्या. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “आपा, मला कुठं वाचता येतंय? मला वाटलं ते तुमच्या दुकानाचं नाव हाय.” सुजेची गोळी त्या सकाळी चहाबरोबर घेत. वहीत त्यांच्या नावापुढे भट्टी लिहिलेली होती. मग मी बाकीच्यांनाही विचारलं. कुणी अर्धी तोडून घेत होतं, कुणी दुधात चुरून, कुणी आठवेल तेव्हा. शिक्क्याप्रमाणे जेवणानंतर घेणारे निघाले, पण वाटले होते तितके नाही. म्हणजे शिक्का वाईट होता हे खरं, आणि सगळं खापर शिक्क्यावर फोडता येत नाही हेही खरं. मी तीस वर्षं पाकिटं देत होते आणि पाकीट घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मी सनाला म्हटलं, बेटा, दोन्ही वह्या टाकून दे, नवा विषय घे, वर्ष गेलं तर माझ्यामुळे गेलं. ती माझ्या स्वयंपाकघरात भाकरी खात बसली होती. तिने घास संपवला.

“फुप्पी, टाकायच्या कशाला? गोळीचं यात काहीच नाही, पण लोक गोळी कशी घेतात आणि आपण त्यांना कसं विचारतो, ते सगळं यात आहे. मी तेच लिहिणार.”

तिच्या मॅडम आधी कुरकुरल्या. पाण्याच्या बाटल्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. मग यमुनाबाईंची गोष्ट ऐकली आणि विषय बदलायला सही दिली. वर्ष गेलं नाही. उलट त्यांनीच निरोप पाठवला की नांदेडच्या आपांनी येऊन पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलावं.

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा काउंटर नसलेल्या जागी उभी राहून बोलत होते, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते कळेना. मुलं चाळीसेक असतील. रशीदला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो दुकान बंद करून येऊन मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. मी शिक्क्याचं सांगितलं, विहिरीच्या पाण्याचं सांगितलं, औशाच्या म्हातारीचं सांगितलं. रशीदचं नाव घेतलं नाही, पण सना हसली आणि सगळ्यांनी वळून मागे बघितलं. मुलं मनापासून हसली. मलाही मजा आली.

शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. निलंग्याकडची असावी. वही उघडी, पेन तयार. तिने विचारलं, मॅडम, मग या चारपैकी पोटाला सगळ्यात सोसवणारी गोळी कुठली?

हा प्रश्न मला लोकांनी, डॉक्टरांनी, कंपनीच्या माणसांनी विचारला होता आणि मी प्रत्येक वेळी पटकन उत्तर दिलं होतं. ते उत्तर सवयीने जिभेवर आलंसुद्धा.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

मी बोलता बोलता विसरले असेन, पुढे काही सांगेन, असं वाटून ती मुलगी पेन धरून थांबून राहिली. तेवढ्यात मागच्या बाकावरून रशीदचा तो ठाण्यातला आवाज आला.

“लिही. माहीत नाही, असंच लिही.”

बावीस वर्षांत या प्रश्नाच्या एका उत्तरावर आम्ही भावंडं पहिल्यांदा आलो होतो, आणि चाळीस मुलांनी ते खाली मान घालून लिहून घेतलं.